मताचा अधिकार विद्यापीठाच्या दाराबाहेर

एकसष्टावी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ रोजी अमलात आली आणि मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या लोकसभेच्या निवडणुकीत एकविशी न ओलांडलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने प्रथमच मत टाकले. योगायोग असा की, याच १९८९ साली मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी उमेदवाराचा खून झाला. त्या खुनाने महाराष्ट्र हादरला, आणि ते हादरणे योग्यच होते. परंतु त्यातून राज्यकर्त्यांनी जो धडा घेतला तो विलक्षण होता. खुनी प्रवृत्तीचा बंदोबस्त करण्याऐवजी त्यांनी निवडणुकीचाच बंदोबस्त केला. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या हातातील मतपत्रिका काढून घेतली. देश ज्या वयाच्या तरुणाला पंतप्रधान कोण व्हावा हे ठरविण्यास पात्र समजू लागला होता, त्याच वयाच्या तरुणाला स्वतःचा वर्गप्रतिनिधी ठरविण्यास महाराष्ट्राने अपात्र ठरविले.

त्या कायद्यातील योजना मुळातून पाहण्यासारखी आहे. मागील परीक्षेत गुणवत्ता दाखविलेला एकेक विद्यार्थी प्राचार्यांनी प्रत्येक वर्गातून नियुक्त करावा. क्रीडा, सांस्कृतिक कार्य, राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना यांतून आणखी काही नियुक्त करावेत. विद्यार्थिनींचे प्रतिनिधीही प्राचार्यांनीच नेमावेत. आणि या नेमलेल्यांनी आपल्यातून एक सचिव निवडावा. वरवर पाहता यात आक्षेपार्ह काय, असे एखाद्या सज्जन गृहस्थाला वाटेल. हुशार मुले पुढे आली तर बिघडले कोठे? बिघडले ते एवढेच की प्रतिनिधी हा शब्दच यात अर्थहीन झाला. ज्याला मी निवडले नाही तो माझा प्रतिनिधी कसा? वर्गात पहिला येणे ही अभिनंदनीय गोष्ट आहे. पण वसतिगृहात पाणी येत नाही, ग्रंथालय संध्याकाळी सहाला बंद होते, शिष्यवृत्तीचा अर्ज आठ महिने पडून आहे, या गोष्टी प्राचार्यांच्या टेबलासमोर उभे राहून बोलण्याची पात्रता गुणपत्रिकेवर छापलेली नसते. शिवाय ज्याला प्राचार्यांनी नेमले तो प्राचार्यांना जाब विचारील, ही अपेक्षा धरणेही त्या मुलावर अन्याय करणारे आहे.

हा प्रश्न नीट समजण्यासाठी मुंबई विद्यापीठाकडे पाहावे. कलकत्ता आणि मद्रास यांच्याबरोबर १८५७ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ. फोर्टमधील राजाबाई मनोरा हे त्याचे चित्रातले रूप. परंतु त्याचा खरा विस्तार कुलाब्यापासून सावंतवाडीपलीकडे गोव्याच्या सीमेपर्यंत आहे. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सात जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. शेकडो महाविद्यालये आणि लाखो विद्यार्थी. यांतील बहुसंख्य विद्यार्थ्यांनी कलिन्याची विद्यानगरी कधी पाहिलेली नसते, आणि ज्यांनी पाहिली त्यांतील पुष्कळांनी ती परीक्षा भवनाच्या निमित्तानेच पाहिलेली असते. विक्रमगड-जव्हारचा आदिवासी मुलगा, डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून कॉलेज करणारी आणि दुपारनंतर एखाद्या दुकानात हिशेब लिहिणारी मुलगी, देवगडचा बागायतदाराचा नव्हे तर बागेत राबणाऱ्याचा पोर, हे या विद्यापीठाचे खरे नागरिक. त्यांचा विद्यापीठाशी संबंध येतो तो प्रवेशअर्ज, परीक्षाअर्ज, हॉलतिकीट, एटीकेटी, निकाल आणि पुनर्मूल्यांकन एवढ्याच टप्प्यांवर. पूर्वी हा संबंध लोखंडी गजांच्या खिडकीतून येई. आता तो पुष्कळसा संगणकाच्या पडद्यावरून येतो. पडद्याला निदान खिडकीमागच्या कारकुनाइतके कान तरी हवे होते.

अशा विद्यापीठात विद्यार्थ्याला आवाज नसला म्हणजे काय होते, याचा दाखला २०१७ सालाने दिला. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाने सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका आणि पावणेपाचशेच्या घरात परीक्षा! पद्धत वाईट होती असे माझे म्हणणे नाही. कोणत्याही नव्या यंत्राला विरोध करणे हा समाजवादी विचार नव्हे. पण एवढा मोठा बदल करायचा तर तो आधी एका शाखेत करून पाहावा, प्राध्यापकांना शिकवावा, उत्तरपत्रिकांची छायाचित्रे घेण्याची यंत्रणा पुरेशी आहे की नाही हे तपासावे, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. ऐन परीक्षांच्या हंगामात हे सारे एकदम सुरू झाले. कायदा सांगतो की परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. प्रत्यक्षात कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, ३१ जुलै ही अखेरची तारीख ठरवून दिली, तीही उलटली. ऑगस्ट गेला, काही निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. काहींच्या उत्तरपत्रिकाच सापडेनात. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. विद्यापीठाच्या दीर्घ इतिहासात अशी नामुष्की पूर्वी आली नव्हती.

कुलगुरू गेले, पण ज्या मुलांचे पदव्युत्तर प्रवेश हुकले, ज्यांची हाती आलेली नोकरी गुणपत्रिकेअभावी निसटली, त्यांचे काय? घरात पैसा असलेल्याचे एक वर्ष वाया गेले तर तो दुसरी वाट धरतो. ज्याच्या बापाने कर्ज काढून शेवटच्या वर्षाची फी भरलेली असते, त्याच्या घरात एक वर्ष म्हणजे एका धाकट्या बहिणीचे शिक्षण असते.

त्या प्रकरणात वृत्तपत्रांनी कुलगुरूंच्या व्यक्तिमत्त्वावर पुष्कळ लिहिले. मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. हा निर्णय घेतला गेला तेव्हा विद्यापीठात त्याला जाब विचारणारे होते कोण? विधिसभा आणि अन्य प्राधिकरणांची मुदत २०१५ साली संपली होती. नवा कायदा येणार, म्हणून नव्या निवडणुका लांबविण्यात आल्या होत्या. नवा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ सालचा; तो अमलात आला मार्च २०१७ मध्ये; आणि नोंदणीकृत पदवीधरांची निवडणूक झाली मार्च २०१८ मध्ये. मधल्या काळात हे अवाढव्य विद्यापीठ निवडून आलेल्या विधिसभेविना चालले. विद्यार्थ्यांची तर दोन पिढ्यांपूर्वीच बोळवण झालेली. अशा पोकळीत एका खुर्चीने निर्णय घेतला आणि तो लाखो मुलांवर कोसळला. खुर्चीत दुसरा माणूस असता तर कदाचित हे टळले असते. पण विद्यापीठाचे भवितव्य ‘कदाचित’वर सोडून द्यायचे, यालाच आपण प्रशासन म्हणायचे काय?

आता दुसरी बाजू. ती झाकून ठेवण्यात प्रामाणिकपणा नाही. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतील विद्यार्थी निवडणुका ज्यांनी जवळून पाहिल्या त्यांना जी. एस. आणि यू. आर. ही अक्षरे आठवतील. जी. एस.च्या निवडणुकीत वर्गातून चहा-भजी फिरत आणि पुढे सिनेमाची तिकिटे. विद्यापीठ प्रतिनिधींच्या मतदानाआधी तर निवडून आलेली पोरे चार-चार दिवस गायब होत. कोणी त्यांना थंड हवेच्या ठिकाणी नेऊन ठेवी, कोणी धाकदपटशाने गाडीत घाली. या पळवापळवीमागे कोणते आमदार आणि कोणते साखरसम्राट आहेत, हे सगळ्या गावाला ठाऊक असे. विद्यार्थिनी उमेदवार क्वचितच दिसत, आणि दलित विद्यार्थी उभा राहिला तर त्याच्या पोस्टरावर काय लिहिले जाई ते येथे छापण्यासारखे नाही. आमच्यासारख्या समाजवादी मंडळींनी त्या काळात विद्यार्थी चळवळीचे जे गोडवे गायले त्यांत या घाणीकडे थोडी डोळेझाक होतीच. ती कबूल केलेली बरी.

पण ही घाण कोठून आली? ती विद्यार्थ्यांनी निर्माण केली नव्हती. ती बाहेरून आत आली होती. पैसा, जात आणि गुंडगिरी यांचा शिरकाव जिल्हा परिषदेत झाला, सहकारी बँकेत झाला, विधानसभेत झाला. म्हणून कोणी विधानसभेच्या निवडणुका बंद करून पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या नागरिकांतून आमदार नेमण्याची सूचना केली नाही. केली असती तर ती करणाऱ्याला वेड्यात काढले असते. विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र तीच सूचना शहाणपणाची ठरली, आणि ती मंजूर करणाऱ्यांत स्वतः विद्यार्थी निवडणुकांच्या शिडीने वर चढलेलेही होते. शिडीवरून वर गेल्यावर ती ओढून घ्यावी, त्यातला हा प्रकार.

गैरप्रकार रोखण्याचे उपाय माहीत नाहीत असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्ये आपल्या शिफारशी दिल्या आणि न्यायालयाने त्या लागू केल्या. उमेदवाराच्या खर्चाला पाच हजार रुपयांची मर्यादा, हजेरीची अट, वयाची अट, छापील पोस्टरांना बंदी, पदाधिकारी होण्याची एकच संधी. हे नियम कोणाला जाचक वाटतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थी स्वतःच आपल्या निवडणुकीचा कारभार पाहत आले होते. तेथे या नियमांवरून वाद झाला, २००८ मध्ये न्यायालयाने निवडणूक थांबविली आणि ती पुन्हा झाली २०१२ मध्ये. त्याच दिल्लीतील दिल्ली विद्यापीठात उलटे चित्र: सप्टेंबर २०२४ मध्ये मतदान झाले, पण भिंती आणि रस्ते इतके रंगविले गेले होते की सफाई झाल्याखेरीज मतमोजणी नको, असे उच्च न्यायालयाला बजावावे लागले, निकाल नोव्हेंबरच्या अखेरीस लागला. पैशाचा तो तमाशा पाहून कोणालाही उबग यावा. परंतु लक्षात घ्या, तेथे न्यायालयाने मोजणी थांबविली, भिंती साफ करविल्या आणि मग निकाल लावला. मत रद्द केले नाही. रोग्याला औषध देणे आणि रोग्याला गाडणे यांतला फरक न्यायालयाला कळला.

महाराष्ट्राच्या शासनालाही तो कागदावर कळलेला आहे. २०१६ च्या कायद्याच्या ९९ व्या कलमाने विद्यार्थ्यांना थेट निवडणुकीचा अधिकार परत दिला. वर्गप्रतिनिधी वर्गाने निवडायचा; अध्यक्ष, सचिव, विद्यार्थिनींची प्रतिनिधी आणि मागास समूहांचा प्रतिनिधी हे महाविद्यालयातील सर्व विद्यार्थ्यांनी निवडायचे. दुसऱ्या शब्दांत, सत्तर-ऐंशीच्या दशकांत जे दोन समाजघटक कडेला राहिले त्यांना कायद्यानेच जागा दिली. हा मोठाच पुढचा टप्पा होता आणि त्याचे श्रेय कायदा करणाऱ्यांना दिले पाहिजे. पण पुढे काय झाले? नियम तयार करण्यात वेळ गेला. २०१९ मध्ये निवडणुका होणार अशी घोषणा झाली, आणि विधानसभेच्या निवडणुका तोंडावर आहेत या कारणास्तव त्या पुढे ढकलल्या गेल्या. मोठ्यांची निवडणूक आली म्हणून धाकट्यांची थांबवायची! २०२० मध्ये टाळेबंदी आली. ते कारण खरे होते. टाळेबंदी उठली, महाविद्यालये भरली, ग्रामपंचायतींच्या आणि लोकसभेच्या निवडणुका झाल्या. विद्यार्थ्यांच्या मात्र झाल्या नाहीत. मधल्या काळात शासने बदलली, त्यांत परस्परांचे कट्टर वैरी होते; या एका बाबतीत त्यांचे एकमत अभंग राहिले.

पदवीधरांच्या निवडणुकीचा अनुभवही याच जातीचा. मुंबई विद्यापीठाच्या विधिसभेतील दहा पदवीधर जागांची निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाली आणि अवघ्या काही दिवसांत स्थगित झाली. मतदारयादीत नव्वद हजारांवर नावे होती. तीत दुबार नावे आहेत अशी तक्रार निघाली. यादी नव्याने झाली ती सुमारे १३ हजारांची. सात जिल्ह्यांच्या विद्यापीठात १३ हजार पदवीधर मतदार! सप्टेंबर २०२४ मध्ये मतदानाला एक-दोन दिवस असताना पुन्हा स्थगिती आली, आणि उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केल्यावर २४ सप्टेंबरला ते पार पडले. दहाही जागा एकाच विरोधी पक्षाच्या युवक संघटनेने जिंकल्या. या संघटनेशी आमचा वैचारिक संबंध नाही आणि तिच्या विजयाचा आनंद मानण्याचे कारणही नाही. मात्र निकाल पाहिल्यावर पुढे ढकलण्याची एवढी घाई कशासाठी होती, हे विचारण्याची गरज उरली नाही.

विद्यापीठाची सत्ता कोणाच्या हाती असावी हा प्रश्न नवा नाही. १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीपुढे डॉ. आंबेडकरांनी लेखी साक्ष दिली, आणि विद्यापीठ हे केवळ परीक्षा घेणारे मंडळ राहता कामा नये असा आग्रह धरला. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना त्यांनी विधिसभेत मागासवर्गीयांना स्थान मागितले. या दोन मागण्या वेगवेगळ्या वाटतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. परीक्षा घेणाऱ्या मंडळाला प्रतिनिधी लागत नाहीत. त्याला क्रमांक पुरतात. जेथे ज्ञान घडवायचे आहे तेथेच कोणाचे ज्ञान, कोणासाठी, कोणत्या भाषेत, किती फीमध्ये, हे प्रश्न उभे राहतात, आणि ते विचारायला तेथे ती माणसे हजर असावी लागतात. शंभर वर्षे झाली. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही मेजर, मायनर, श्रेयांक आणि चार वर्षांची पदवी आली. एवढा मोठा बदल विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला तो परिपत्रकांच्या रूपाने; मायनर विषय कोणते आणि ते शिकवायला महाविद्यालयात शिक्षक आहे काय, हे पुष्कळांना प्रवेशाचा अर्ज भरताना कळले. तासिका तत्त्वावर नेमलेला, सुटीत पगार नसलेला प्राध्यापकही त्यांना काय सांगणार? तोही त्याच परिपत्रकाची वाट पाहत असतो.

येथे वर्गाचा प्रश्न येतो. तो टाळून हे सारे समजणार नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी सार्वजनिक विद्यापीठाकडे केव्हाच पाठ फिरविली आहे. त्यांची मुले स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांत जातात किंवा परदेशी जातात. तेथे काही बिनसले तर ती दुसरे दार शोधतात. ज्यांना दुसरे दार नाही तेच कलिन्याच्या दाराशी उभे आहेत: शेतमजूर, गिरणी गेल्यावर रिक्षा चालवू लागलेल्याचा मुलगा, घरकाम करणाऱ्या बाईची मुलगी. त्यांच्यापाशी सोडून जाण्याचा मार्ग नाही. बोलण्याचा एकच आहे. तोच नेमका बंद ठेवलेला आहे. उद्या कोणी म्हणेल की गरिबाच्या पोराने निवडणुकीच्या भानगडीत पडू नये, अभ्यास करावा, स्पर्धा परीक्षा द्यावी. हे सांगणाऱ्यांची मुले कोठे शिकतात, हे तेवढे विचारून घ्यावे.

राज्यकर्त्यांची भीती मात्र मी समजू शकतो. १९७३ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील वसतिगृहात खानावळीचे बिल वाढले. मुले चिडली. प्रकरण डाळ-रोटीवरून महागाईवर, महागाईवरून भ्रष्टाचारावर गेले, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये गुजरातच्या चिमणभाई पटेल मंत्रिमंडळाला जावे लागले. पुढच्याच महिन्यात बिहारचे विद्यार्थी उठले आणि त्यांनी जयप्रकाशांना हाक मारली. खानावळीचे बिल किती धोकादायक असू शकते हे सत्ता विसरलेली नाही. पण त्या इतिहासाचा एक पैलू ती सोयीस्करपणे विसरते: जेथे तक्रार मांडायला जागा असते तेथे ती तक्रारच राहते, जागा नसली की ती रस्त्यावर येते. २०२३ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाच्या नव्या परीक्षापद्धतीविरुद्ध पुण्याच्या रस्त्यावर जी हजारो मुले बसली, त्यांच्याशी बोलायला शासनाला कोणी निवडलेला प्रतिनिधी सापडला नाही. मग पुढारी एकामागून एक येऊन त्यांच्यामध्ये बसून गेले आणि आयोगाला ती पद्धत २०२५ पर्यंत पुढे न्यावी लागली.

महाराष्ट्रात एकविसाव्या वर्षी सरपंच होता येते. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. रायगडातल्या एखाद्या खेड्यात आई ग्रामपंचायतीची सदस्य आहे, गावच्या नळयोजनेवर मत देते; आणि तिची मुलगी तालुक्याच्या कॉलेजात आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडू शकत नाही. या मुलीने लोकशाही नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शिकायची आणि पेपरात लिहून दहा गुण मिळवायचे.

येत्या जूनमध्ये शासनाने दुसरे काही करू नये. ९९ व्या कलमाप्रमाणे निवडणुकीची एक तारीख सांगावी आणि विधानसभा, लोकसभा, महापालिका यांपैकी काहीही आले तरी ती बदलणार नाही असे लिहून द्यावे. विद्यार्थी संघटनांनीही केवळ निवेदने देत बसू नये. डाव्या, समाजवादी, आंबेडकरवादी, आणि ज्यांच्याशी आमचे कधी पटले नाही त्याही संघटनांना ही एक मागणी समान आहे. शासनाची तारीख येईपर्यंत प्रत्येक वर्गाने आपला प्रतिनिधी स्वतः निवडायला कोणाची परवानगी लागत नाही. वहीच्या पानांच्या मतपत्रिका, झाकणाला भोक पाडलेला एखादा डबा, आणि मोजणीला बसायला तयार असलेले दोन शिक्षक एवढ्यावर हे होते. असे दोन शिक्षक प्रत्येक महाविद्यालयात अजून आहेत. त्यांना विचारावे लागेल इतकेच.